शहर तगले, माणसे तगली काय?

(सीमाभागातील एका व्याख्यानमालेत केलेले भाषण)



एखाद्या शहरावर महापूर येतो, साथ येते, तेथील गिरण्या बंद पडतात किंवा ज्या पिकावर सारा तालुका पोसला जातो त्याचा भाव कोसळतो. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच शहराचा बाजार पुन्हा भरू लागला, की आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो, ‘काय चिवट शहर आहे!’ आज आम्हाला या कौतुकाचीच थोडी तपासणी करावयाची आहे. कारण या कौतुकाखाली दोन प्रश्न झाकले जातात. ज्या बळावर ते शहर सावरले, ते बळ त्याने संकटाच्या दिवशी कमावले की त्यापूर्वीच कमावून ठेवले होते? आणि सावरले ते नेमके कोण? बाजारपेठ, इमारती आणि जमिनीचे भाव सावरले, की तेथे राहणारी माणसे सावरली?

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे आहे. संकटाच्या दिवशी दाखविलेले धैर्य वंदनीय खरे; परंतु गावे धैर्यावर तगत नाहीत. साध्यासुध्या दिवसांत, कोणी पाहत नसताना, ज्या संस्था उभारल्या आणि नीट चालविल्या त्यांच्यावर गावे तगतात. आणि त्या गावातील शेवटच्या माणसाला त्या संस्थेच्या दारात हक्काने उभे राहता येत नसेल, तर गाव तगले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

प्रथम सुरतेचे उदाहरण घेऊ. सुरत शहर गुजरातेत असले तरी मराठी माणसाला ते परके नाही. खानदेशातून पोटासाठी गेलेली हजारो कुटुंबे उधना आणि लिंबायत या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. 1994 च्या सप्टेंबरात या शहरात प्लेगची हाकाटी झाली. तापीला पूर येऊन गेला होता, सखल वस्त्यांत चिखल साचला होता, जनावरे मरून पडली होती. बघताबघता लाखो लोकांनी शहर सोडले. गाड्यांच्या टपांवर बसून माणसे पळाली. हिऱ्यांचे आणि कापडाचे कारखाने ओस पडले. रोगाच्या निदानाविषयी पुढे वैद्यांत पुष्कळ वाद झाला. परंतु माणसे जिवाच्या भीतीने पळाली, याविषयी वाद नव्हता. देशातील एक अतिशय श्रीमंत शहर आपल्याच घाणीपुढे हतबल झाले होते.

पुढे जे घडले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. 1995 च्या मे महिन्यात एस. आर. राव हे तेथे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणताही चमत्कार केला नाही. झाडूवाले तेच होते, कारकून तेच होते आणि कायदेही तेच होते. बदलली ती कामाची रीत. शहराचे सहा विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला खर्चाचे आणि निर्णयाचे खरेखुरे अधिकार मिळाले, म्हणजे तुंबलेल्या गटाराची परवानगी मागण्यासाठी कागद मुख्य कचेरीच्या पायऱ्या चढेनासा झाला. अधिकाऱ्यांनी सकाळी कचेरीत न बसता आपापल्या विभागात हिंडावे, असा दंडक पडला. घाण करणाऱ्या हॉटेलवाल्यांना व दुकानदारांना दंड होऊ लागला. बेकायदा बांधकामे पाडावयास काढली तेव्हा मोठ्यांनाही सूट मिळाली नाही, आणि म्हणूनच लहानांनी तक्रार केली नाही. गलिच्छ वस्त्यांत पाणी, संडास आणि फरसबंदी पोचली. अवघ्या दोन वर्षांच्या आत, 1996 मध्ये, एका राष्ट्रीय संस्थेच्या पाहणीत सुरत हे चंडीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले. राव बदलून गेले. परंतु ती रीत पुष्कळ अंशी टिकली. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा चिखल उपसून शहर पुन्हा वापरात आणण्याची सवय अंगी मुरलेली यंत्रणा जागेवर होती.

यावरून निघणारा बोध सोपा आहे. आपत्तीशी झुंजण्याची शक्ती म्हणजे रोज सकाळी वेळेवर होणारी झाडलोट. ज्या नगरपालिकेला सुगीच्या दिवसांत कचरा उचलता येत नाही, तिला साथीच्या दिवसांत प्रेते उचलण्याची पाळी येते.

तथापि सुरतेचीही गोष्ट येथेच संपवून चालणार नाही. 2020 च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली आणि एप्रिलात याच स्वच्छ, सुव्यवस्थित शहराच्या रस्त्यांवर यंत्रमागावरील परप्रांतीय मजूर उतरले. ‘आम्हाला घरी जाऊ द्या’ एवढेच त्यांचे मागणे होते. ज्यांच्या हातांनी शहराचे कापड विणले, त्यांचे नाव त्या शहराच्या कोणत्या वहीत नोंदलेले होते? मालकाच्या हजेरीपटावर धड नाही, शिधापत्रिकेवर नाही, मतदारयादीतही नाही. गटारे सुधारलेल्या शहराने माणसांची नोंद करावयाची राहून गेली होती. म्हणजे संस्था नुसती कार्यक्षम असून भागत नाही. ती कोणाची आहे हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न मुंबईच्या गिरणगावाने फार वर्षांपूर्वी आपल्यापुढे टाकलेला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला, असे कोणी म्हणू शकत नाही. तो झिजत झिजत संपला, आणि त्याबरोबर एक सबंध जग संपले. कोकणातल्या, घाटावरच्या, आपल्या चंदगड-आजऱ्याकडच्या कितीतरी घरांत महिन्याची मनीऑर्डर यावयाची थांबली. मुंबई शहर मात्र थांबले नाही. कापड गेले आणि पेढ्या, कचेऱ्या, चित्रपट आणि दूरसंचार आले. एका धंद्यावर विसंबून न राहिल्याने ती नगरी वाचली, हे अर्थशास्त्र्यांचे म्हणणे खरे आहे. पण धंदा बदलला तो शहराचा. चाळीस वर्षांच्या साचेवाल्याला नवा धंदा कोणी दिला? त्याला फार तर एखाद्या नव्या इमारतीच्या दाराशी पहारेकऱ्याची काठी मिळाली.

येथे जमिनीचा हिशेबही मांडला पाहिजे. 1991 च्या विकास नियमावलीत असे ठरले होते की बंद गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक तृतीयांश मालकांकडे राहावा. 2001 मध्ये या नियमात फेरफार झाला. वाटणी करावयाची ती सबंध जमिनीची नव्हे, तर त्यावर जी मूळची मोकळी जागा असेल तेवढीचीच, असा अर्थ झाला. शहराचा आणि कामगाराच्या घराचा वाटा एका शब्दाच्या फेरफाराने आक्रसला. 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो फेरफार वैध ठरविला. आज तेथे उंच मनोरे उभे आहेत. शहर तगले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या मनोऱ्यांच्या सावलीत ज्यांची मुले वाढली, त्यांना कोणी ‘तुम्ही तगलात’ म्हणून हारतुरे देऊ नयेत.

त्या अंधारातही एक पणती तेवत होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्याय्य होईल. गिरणगावात डबे देणाऱ्या, खानावळी चालविणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संपाच्या सात वर्षे आधी ही संस्था उभी होती. संप आला तेव्हा पुरुषांचा पगार थांबला. पण ज्या घरात चूल हाच धंदा होता, तेथे थोडातरी आधार उरला. संस्था संकटाआधी असावी लागते, असे आम्ही म्हणतो त्याचा अर्थ हा आहे.

आता ग्रामीण भागाकडे वळू. कारण गावे कोलमडली की त्यांचा भार शहरांवर येतो. 1972 च्या दुष्काळाची आठवण येथील वडीलधाऱ्यांना असेल. लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, नालाबंडिंग. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढा भीषण दुष्काळ पडूनही पूर्वीच्या दुष्काळांसारखी भूकबळींची रांग लागली नाही, हे जगातील अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. वि. स. पागे यांनी आग्रहपूर्वक मांडलेली रोजगार हमीची कल्पना 1977 मध्ये कायद्यात उतरली आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा अमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण माणसाला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. काम देणे ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, काम मागणे हा माणसाचा हक्क झाला. देशाच्या संसदेने 2005 मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळे या महाराष्ट्री प्रयोगात आहेत.

या योजनेचा एक भाग फार कमी बोलला जातो, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पैसा कोठून आला? 1975 च्या कायद्याने नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर, वकील-डॉक्टरांवर व्यवसायकर बसविला गेला, त्याला आणखी काही करांची जोड दिली गेली आणि जमा होईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असे ठरले. म्हणजे मुंबईच्या कचेरीत बसणारा कारकून दरमहा थोडेसे देत होता आणि माण-आटपाडीच्या बांधावर एखादी माउली त्यातून मजुरी घेत होती. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. परंतु शहर आणि खेडे यांच्यातील नाते भाषणांनी नव्हे, तर पगारपत्रकातील एका ओळीने बांधले गेले. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोट्या हजेऱ्या लागल्या, हेही खरे आहे. परंतु विहिरीत गाळ साचला म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही.

आपल्या शेजारच्या कोल्हापुराकडे पाहा. 1894 मध्ये राज्यसूत्रे हाती घेतल्यानंतर सहा वर्षांच्या आत शाहू महाराजांना दोन दुष्काळ आणि प्लेग यांना तोंड द्यावे लागले. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामे काढली, निराधारांची सोय केली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 1895 मध्ये वसविलेली शाहूपुरी ही गुळाची मोठी पेठ झाली. 1901 पासून वसतिगृहे उभी राहू लागली. 1906 मध्ये कापड गिरणीचा पाया घातला गेला. त्यानंतर लवकरच भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम निघाले. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. धरणाचे काम पैशाअभावी मध्येच अडले आणि महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही; ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. ज्याचे पाणी आपल्या डोळ्यांना दिसणार नाही अशा धरणाचा पाया घालणे, याला आम्ही खरी दूरदृष्टी म्हणतो. पेठ, पाणी, गिरणी आणि शाळा या चार खांबांपैकी एक खचला तरी बाकीचे तीन भार घेतील, अशी ती रचना होती.

त्याच मुलखाने देशाला कोल्हापुरी बंधारा दिला. तो आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बर्गे बसवावयाचे आणि पाणी अडवावयाचे. पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यावयाची. हा बंधारा पुरुषभर उंच भिंतीच्या बळावर टिकत नाही, तर वेळच्या वेळी बर्गे घालणाऱ्या आणि काढणाऱ्या माणसांच्या नेमामुळे टिकतो. तो नेम चुकला तर उन्हाळ्यात पिके वाळतात आणि पावसाळ्यात बंधाराच पाण्याला आडवा येतो.

नदीच्या बाबतीत हा नेम आपण सर्वांनी मोडला आहे, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांनी पंचगंगा-कृष्णेचे खोरे हादरले. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पूररेषेच्या आत भराव घालून घरे, मंगल कार्यालये आणि दुकाने उठविली गेली होती. नदीने आपली जागा परत मागितली, एवढेच. आणि ते पाणी राज्याच्या हद्दीशी थांबले नाही. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांनी निपाणी-चिक्कोडीकडची गावे त्याच आठवड्यात वेढली. घटप्रभेने गोकाकचे हाल केले. वरच्या धरणातून किती पाणी सुटले आणि खाली अलमट्टीत किती साठविले, हे दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना वेळेवर सांगणे, यावर लक्षावधी लोकांचे प्राण अवलंबून असतात. हद्दीचा वाद न्यायालयात जेव्हा सुटावयाचा तेव्हा सुटेल. पाण्याची बातमी त्यासाठी थांबवून ठेवता येत नाही. आणि ती बातमी ज्यांच्या दारात पाणी शिरणार आहे त्यांना त्यांच्या भाषेत कळली पाहिजे. धोक्याची दवंडी जर ऐकणाऱ्याला समजत नसेल, तर ती दवंडीच नव्हे. मराठी घराला मराठीत आणि कानडी घराला कानडीत सूचना देणे हा कोणावर उपकार नव्हे. तो संरक्षणाचा पहिला नियम आहे.

आता आपल्या पायाखाली पाहू. एका पिकावर किंवा एका धंद्यावर विसंबण्याचे दुःख या भागाला पुस्तकातून शिकावयाचे नाही. निपाणीच्या तंबाखूने वाडे बांधले आणि त्याच तंबाखूच्या भावासाठी 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले. त्या एप्रिलात झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. भाव ठरविणारा एक, माल घेणारे मोजके आणि पिकविणारे हजारो, अशी जेथे रचना असते, तेथे संकट बाहेरून यावे लागत नाही. ते रचनेतच दबा धरून बसलेले असते.

याच्या उलट जे बळ आहे तेही आपल्या जवळचेच आहे. 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाल्यावर 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सहकारी पतसंस्था उभी राहिली. ती देशातील अगदी आरंभीच्या अशा संस्थांपैकी होय. लहान माणसांनी आपले चार पैसे एकत्र करून सावकाराला नकार द्यावा, ही विद्या या मातीला शंभर वर्षांहून जुनी आहे. परंतु सहकारी म्हणविणारी संस्था जेव्हा सभासदांची न राहता संचालकांची होते, तेव्हा आधारच आपत्ती होतो. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि आयुष्याची पुंजी ठेवलेली माणसे बंद दारापुढे रडत उभी राहिली. 2020 मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु विमा हा शेवटचा उपाय होय. पहिला उपाय म्हणजे वार्षिक सभेला जाणे, ताळेबंद वाचणे आणि ‘हे कर्ज कोणाला दिले?’ असे उभे राहून विचारणे.

तेव्हा आपल्याला करावयाचे ते काय? मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक प्रत्येक प्रभागात चार माणसांनी तरी वाचावे. नाले पावसाळ्याआधी उपसले की नाही, हे जूनमध्ये ओरडण्याऐवजी एप्रिलात पाहावे. पूररेषेच्या आत कोणी बांधू लागला तर तो आपल्या जातीचा, पक्षाचा वा भाषेचा आहे म्हणून डोळे झाकू नयेत. गावात वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा ओतशाळेत बाहेरून आलेली जी कुटुंबे आहेत, त्यांची नोंद गावाच्या वहीत असावी. आपली माणसे पोटासाठी मुंबईस व सुरतेस गेली, तेव्हा त्यांना तेथे जी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, तीच आपल्या दारी आलेल्यांना द्यावी. आणि प्रत्येक पतसंस्थेच्या, बाजार समितीच्या व शाळेच्या कारभारात प्रश्न विचारणारा सभासद हा संस्थेचा शत्रू नसून तिचा राखणदार आहे, एवढी समज आपण ठेवावी.

संकटे यावयाची थांबणार नाहीत. पाऊस लहरी झाला आहे, धंदे पूर्वीपेक्षा लवकर बदलत आहेत, साथी विमानाने प्रवास करू लागल्या आहेत. पुढच्या वेळी आपल्या गावावर प्रसंग येईल आणि तो ओसरेल, तेव्हा बाहेरचे लोक म्हणतील, ‘गाव तगले.’ त्या वेळी आपण भरलेल्या बाजाराकडे बोट दाखवू नये. नदीकाठच्या शेवटच्या घरी जावे, तेथली चूल पेटली आहे की नाही आणि मूल शाळेत गेले आहे की नाही, हे पाहावे आणि मगच उत्तर द्यावे.